पोह्यांचं ताट घेऊन कोणी पडायचं

२ ऑगस्ट, शनिवार. जागा : बिशानचा आमचा फ्लॅट, टीपॉय बेडरूममध्ये, सोफा भिंतीला. हजर : दिग्दर्शक, नवरामुलगा, नवरी, वुडलँड्सच्या वहिनी, पेटीवर माझा नवरा, आणि मी. गैरहजर : मंडळाचे सेक्रेटरी, बँकेचा कॉल होता म्हणून.

एवढं त्या दिवशी लिहून ठेवलं, कारण हजेरी मीच घेते. कपडेपट, सामान, चहापाणी आणि हजेरी ही माझी खाती. आता माणसं नीट सांगते. 'नवरी' म्हणजे फायनान्समधले एक सहा फुटी गृहस्थ, मिशीसकट. मी त्यांना मिशीवालेच म्हणणार आहे. दिग्दर्शक आयटीत मॅनेजर आहेत, नवरामुलगा त्यांच्याच टीममधला, नुकता पुण्याहून या देशात आलेला. वुडलँड्सच्या वहिनी माझी मैत्रीण. आमच्या ग्रुपवर पुरुषांना हुद्दे आहेत : सेक्रेटरी, खजिनदार, दिग्दर्शक. बायकांना एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची, स्टेशनं. वुडलँड्सच्या वहिनी, बेडोकच्या काकू, बिशानच्या ताई, म्हणजे मी. कोणी कधी ठरवलं माहीत नाही. असल्या गोष्टी कोणी ठरवत नाही, त्या आपोआप तशाच होतात, आणि मग त्या बदलायला मात्र मीटिंग लागते.

यंदा गणपतीच्या कार्यक्रमात 'मूकपटाची संध्याकाळ' करायची, ही कल्पना दिग्दर्शकांची. आधी पडद्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या विनोदी मूकपटांतले तुकडे दाखवायचे. मग त्याच ढंगाचं नाटुकलं : काळे-पांढरे कपडे, तोंडाला पावडर, बोलायचं काही नाही, मध्येमध्ये पाट्या, बाजूला पेटी. विषय कांदेपोह्यांचा कार्यक्रम. मुलाकडचे मुलगी बघायला येतात, मुलगी पोह्यांचं ताट घेऊन येते आणि धडपडते. मला कल्पना आवडली होती. हे मुद्दाम सांगते, नाहीतर लोक म्हणतात, हिला काही आवडतच नाही.

वहिनींना ती मुलगी करायची होती. मनापासून करायची होती. वहिनी चाळिशीच्या, शिकलेल्या इंजिनियर. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या पासवर इथे आल्यापासून नोकरी नाही. आणि आता नवऱ्याची कंपनी त्याला डिसेंबरात पुण्याला परत पाठवणार, हे जूनमध्येच पक्कं झालं होतं. म्हणजे हा त्यांचा इथला शेवटचा गणपती. "ताई, जायच्या आधी मला एकदा माणसांसमोर पडायचंय," असं त्या मला म्हणाल्या होत्या. कोणाला हे खूळ वाटेल. मला वाटलं नाही, कारण मी त्यांना पडताना पाहिलं होतं.

त्या सांगलीकडच्या. शाळा-कॉलेजात खो-खो खेळल्या, खांबाला सूर मारण्यात नाव होतं. जमिनीशी त्यांची जुनी ओळख आहे. एकदा माझ्या स्वयंपाकघरात फरशी ओली होती आणि हातात चहाचा ट्रे. मी ओरडेपर्यंत बाई खाली. पण ट्रे वर, पाण्याच्या पातळीसारखा सपाट, एक थेंब सांडला नाही. खाली बसल्या बसल्या त्यांनी ट्रेकडे असं पाहिलं की जणू ट्रेनेच त्यांना ढकललं, आणि मग शांतपणे एक कप उचलून चहा प्यायला सुरुवात केली. मी हसून हसून ओट्याला टेकले. घसरणं खरं होतं. त्याच्या पुढचं सगळं त्यांनी तिथल्या तिथे रचलं होतं. हे शिकवून येत नाही.

तर त्या शनिवारी दिग्दर्शकांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि आम्हाला तुकडे दाखवले. दोन तास आम्ही बघत होतो. वरून इथल्या नॅशनल डेच्या सरावाची विमानं जात होती, खिडक्या थरथरत होत्या, आणि पडद्यावर माणसं गुपचूप आपटत होती. पुरुष शिडीवरून पडत होते, चिखलात पडत होते, केकमध्ये तोंड घालत होते, धावत्या गाडीला लोंबकळत होते. मजा आली, खोटं का बोलू. पण सामान मोजायची सवय असलेल्या माणसाला बाकीचंही दिसतं. बायका होत्या, नाही असं नाही. एक फाटकाशी छत्री घेऊन उभी. तिला बघून तो खांबावर आपटायचा. एक जाडजूड बायको, हातात छत्री नाहीतर लाटणं. तिला बघून तो पळायचा. एक म्हातारी सासू, तिच्या अंगावर बादली. आणि मग झगा घातलेला पुरुष, त्याला बघून सगळेच हसायचे. फाटकाशी उभी असलेली चित्रपट संपेपर्यंत उभीच होती. तिच्या पायाला साधी ठेचसुद्धा लागली नाही. नटी म्हणून तिला काम काय दिलं होतं? उभं राहायचं आणि कोणीतरी आपल्यासाठी पडेल याची वाट बघायची.

"बायका कधी पडतात?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, त्या काळात नायिका पडत नसत हो," दिग्दर्शक म्हणाले. "नायिकेमुळे पडायचं असतं."

"पडत होत्या की. मी बघते ना, ट्रेनमध्ये."

वहिनींनी फोन काढला. वुडलँड्सहून कुठेही यायचं म्हणजे ट्रेनमध्ये भरपूर वेळ असतो, तो त्यांनी सत्कारणी लावला होता. फोनवर एक बाई धावत्या मोटारीतून उडी मारत होती. दुसरी शिडीला उलटी लटकली होती, झगा सावरायचं नाव नाही. तिसरी वाढप्याच्या वेशात जेवणाच्या टेबलावरून घसरत थेट पाहुण्यांच्या मांडीत. आम्ही सगळे त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो. मिशीवाले तर खो-खो हसत होते.

"असतील एखाद-दोन," दिग्दर्शक म्हणाले आणि फोन परत दिला. "पण ते काही क्लासिक नाही. लोकांना माहीत नाही."

लोकांना माहीत नाही, कारण दाखवणारे दाखवत नाहीत. हे मी तेव्हाच म्हटलं. ते म्हणाले, "ताई, पॉइंट नोटेड," आणि नोट काही केला नाही. त्यांचं पेन खाली पडलेलं मला दिसत होतं.

मग तालीम. पोह्यांचा प्रसंग कसा करायचा यावर चर्चा सुरू झाली आणि लांबत चालली. वहिनी उठल्या, माझ्या ओट्यावरून पोह्यांनी भरलेलं स्टीलचं ताट घेतलं, ओढणी डोक्यावरून घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आल्या. मान खाली, पावलं मोजून-मापून, अगदी बघायला आलेल्यांसमोर यावं तशा. अर्ध्या वाटेत नजर वर गेली. नवरामुलगा दिसला. एक पाय जिथे जायचा तिथे न जाता भलतीकडे गेला. पुढे काय झालं ते लिहून दाखवता येत नाही. त्या पडता पडता चारदा सावरल्या, प्रत्येक वेळी ताटाला जास्त जपत आणि स्वतःला कमी, आणि शेवटी फतकल मारून बसल्या. ताट डोक्याच्या उंचीवर, सपाट. त्यांनी ताटाकडे पाहिलं. नवऱ्यामुलाकडे पाहिलं. पुन्हा ताटाकडे. आणि लिंबाची फोड पिळून स्वतःच पोहे खायला लागल्या.

माझ्या नवऱ्याचे हात पेटीवरून सुटले. दिग्दर्शकांचा चष्मा ओला झाला. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, तिला आमच्या मंडळाचं कधीच काही आवडत नाही, ती खोलीतून बाहेर आली आणि इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आँटी, डू अगेन लाह!"

"फिक्स!" दिग्दर्शक ओरडले. "हाच नाटुकल्याचा प्राण. वहिनी, ग्रेट. अगदी असंच्या असं घ्यायचं. ऐकलंत ना?" हे शेवटचं त्यांनी मिशीवाल्यांना विचारलं. "तुम्ही नीट बघितलंत ना? नऊवारीत तर हे अजून खुलेल."

मिशीवाल्यांनी मान डोलावली.

"म्हणजे मुलगी मी नाही?" वहिनी म्हणाल्या. ताट अजून हातातच होतं.

"मुलगी तर आधीच ठरलीये ना वहिनी! तुम्ही मुलीची आई. दारात उभी, हातात उलथनं. महत्त्वाचा रोल आहे."

"काय करते आई?"

"काळजी करते."

मी विचारलं, का. सरळ विचारलं, सगळ्यांसमोर. ही बाई कशी पडू शकते, हे आत्ता सगळ्यांनी पाहिलं. मग ताट या गृहस्थांकडे का? त्याची मला जी उत्तरं मिळाली ती अशी. पहिलं, बाई पडली की लोक हसत नाहीत, 'लागलं का' म्हणून धावत येतात. मी म्हटलं, आत्ता कोण धावलं? दुसरं, साडीत बाई पडणं बरं दिसत नाही, फॅमिली ऑडियन्स आहे, बेडोकच्या काकूंसारखी मोठी माणसं असतात. मी म्हटलं, आणि साडीत पुरुष पडलेला काकूंना चालतो? "अहो, तो पुरुष आहे ना!" तिसरं उत्तर त्यांनी शेवटी ठेवलं होतं, हुकुमाच्या पानासारखं. "ताई, परंपरा आहे. आपल्याकडच्या पहिल्या मूकपटांत बायकांची कामं पुरुषांनीच केली. तो एक ट्रिब्यूट समजा."

"तेव्हा बायका मिळत नव्हत्या म्हणून केली," मी म्हटलं. "ही मिळालीये. ही काय ताट घेऊन समोर बसलीये."

नवरामुलगा हसला आणि मग हसायला नको होतं असं वाटून खोकला. माझ्या नवऱ्याने पेटीवर उगाच एक सूर धरला. विषय संपला असं पुरुषांना वाटतं तेव्हा कोणीतरी वाजवायला लागतं.

त्या दिवसापासून मला राग आहे, आणि तो मी कमी होऊ दिलेला नाही. वाईट माणसांवर राग धरणं सोपं असतं. ही वाईट माणसं नव्हेत. दिग्दर्शक आजारी माणसासाठी रात्री विमानतळावर जातात. मिशीवाले तर लाख माणूस. पण साडी नेसलेला पुरुष म्हटलं की या सगळ्यांच्या घशात आधीच हसू येऊन बसतं. ऑफिसचं अ‍ॅन्युअल फंक्शन असो, सोसायटीची गच्ची असो, परदेशातलं मंडळ असो. कोणीतरी साडी नेसतो, फुगे खोवतो, मुरडत चालतो, आणि हॉल कोसळतो. मी पंचवीस वर्षं त्या हसण्यात बसून चहा वाटला आहे. लोक नेमके कशाला हसतात? त्याच्या मिशीला नाही, मिशी तर रोजची. आमच्या चालण्याला हसतात. आमच्या पदर सावरण्याला, आमच्या लाजण्याला, ताट घेऊन येण्याला. म्हणजे विनोद आमचा, आणि तो करायचा मान त्यांचा. आम्ही स्वतः केला तर म्हणे बरं दिसत नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त झोंबतो. मिशीवाल्यांना पडता येईना. ते पडायच्या आधी खाली बघायचे, मग हात टेकायचे, मग "आई गं" म्हणायचे, मूकपटात. ताट दर वेळी आधी पडायचं. तेव्हा दिग्दर्शकांनी वहिनींना फोन करून विनंती केली की जरा शिकवाल का.

"आणि तू हो म्हणालीस?" मी विचारलं. आम्ही वुडलँड्सच्या हॉकर सेंटरमध्ये चहा घेत बसलो होतो, त्यांच्या ब्लॉकजवळ.

"ताई, त्यांची पाठ जाईल हो. असं पडतात का? माणूस मरायचा."

"मरू देत."

"असं नका ना बोलू. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात आहे."

म्हणून दोन शनिवार माझ्याच हॉलमध्ये गादी टाकून वहिनींनी त्या सहा फुटी गृहस्थांना पडायला शिकवलं. "आधी कुल्ला. मग पाठ. मान कध्धीच नाही. जमिनीला घाबरायचं नाही, ती कुठे जात नाही. आणि ताटाकडे बघा, जमिनीकडे नाही. ताट म्हणजे तुमचं बाळ आहे." ते घामाघूम व्हायचे. एकदा धापा टाकत म्हणाले, "वहिनी, खरं सांगू, हे तुम्हीच करायला हवं होतं हो."

मी पाण्याचा ग्लास घेऊन तिथेच उभी होते. "मग हे दिग्दर्शकांना सांगा ना," मी म्हटलं.

"अहो ताई, आता ऐनवेळी..." ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

ऐनवेळ नव्हती. दोन आठवडे होते. पण हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे, एकट्या बाईला एका बाजूला घेऊन दिलेली कबुली. सगळ्यांसमोर ती कधी येत नाही.

मग मी माझ्या खात्यापुरतं जे करता येतं ते केलं. नऊवारी नेसवायचं काम माझं. ते इथे फारशा जणींना येत नाही. पुरुषाला तर फारच कमी जणींना नेसवता येते, कारण त्यांना कंबर नसते; गाठ घसरते, काष्टा सैल पडतो, निऱ्या पोटावर फुगतात, आणि पडापडीचा प्रसंग असेल तर आतून पिना अशा लावाव्या लागतात की काही सुटू नये आणि काही टोचूही नये. इतकी वर्षं मंडळातल्या प्रत्येक मिशीवाल्या नवरीच्या पाठीशी गुडघे टेकून बसलेली बाई मीच आहे. मी ग्रुपवर सरळ लिहिलं : यंदा पुरुषाला नऊवारी नेसवणार नाही. मुलीचं काम मुलीला द्या, तिला तिची नेसता येते.

आधी हसण्याच्या चित्रांची रांग आली. मग दिग्दर्शकांचा फोन.

"ताई, चेष्टा ना?"

"नाही."

"अहो, तुम्ही एवढ्या सीनियर. यात एवढं सिरियस काय? विनोदच आहे शेवटी."

"विनोदच आहे, तर तो जिला येतो तिला करू द्या."

"बघू, काढू काहीतरी मार्ग," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका गोड होता की मला वाटलं, जमलं. बेडोकच्या काकूंना मी आधीच विचारून ठेवलं होतं, काकू म्हणाल्या, "मी नाही बाई नेसवणार, माझे गुडघे दुखतात. आणि तू म्हणतेस त्यात तथ्य आहे." बाकीच्या दोघीतिघींनीही माझ्या बाजूने अंगठे पाठवले. आता करता काय हे लोक? साडी हाताने नेसवावी लागते, आणि ते हात आमच्याकडे होते.

बाजारात काय मिळतं हे मला माहीत असायला हवं होतं. नवऱ्यामुलाचा एक मित्र पुण्याहून येत होता. त्याच्या बॅगेतून शिवलेली नऊवारी आली. तयार काष्टा, तयार निऱ्या, पदर खांद्यावर शिवलेला, कमरेला इलॅस्टिक, एक्स्ट्रा लार्ज. पायजम्यासारखी पाय घालून वर ओढायची. मिशीवाल्यांनी ती स्वतः, कोणाच्या मदतीशिवाय, दोन मिनिटांत चढवली आणि ग्रुपवर फोटो टाकला. खाली दिग्दर्शकांनी लिहिलं : प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.

माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे ना आता. तुझा मुद्दा पोचला."

"कुठे पोचला?"

त्याला पेटीचा सराव करायचा होता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. मी विंगेत उभी, सामानाच्या टेबलाशी. काम सोडलं नव्हतं, फक्त साडी सोडली होती. पडद्यावरचे तुकडे झाले. फाटकाशी उभी असलेली छत्रीवाली दिसली, लाटणंवाली दिसली, वहिनींच्या फोनमधल्या बायकांपैकी एकही दिसली नाही. मग नाटुकलं. वहिनी आईच्या वेशात दारात उभ्या राहिल्या, हातात उलथनं, काळजी करत. त्या ती काळजीसुद्धा इतकी चांगली करत होत्या की पुढच्या रांगेतली एक आजी एकटीच खुदखुदत होती. बाकी कोणाचं लक्ष नव्हतं.

मिशीवाले आले आणि हॉल हसायला लागला. त्यांनी अजून काही केलं नव्हतं. नुसते आले होते. मी विंगेतून लोकांची तोंडं बघत होते, आणि मला कळलं की आता काहीही झालं तरी चालणार आहे. ते पाचव्या पावलाला घसरले. सावरणं वगैरे काही नाही, जमिनीकडे बघितलं, हात टेकला, ताट कलंडलं. पोहे पहिल्या रांगेपर्यंत उडाले. बाळ, ताट, नवऱ्यामुलाकडे बघणं, लिंबाची फोड, सगळं गेलं. राहिला नऊवारीतला एक मोठा पुरुष, पाय वर करून. हॉल कोसळला. टाळ्या, शिट्ट्या. लोक डोळे पुसत होते.

त्यात वाईट पडल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. वहिनींचं पडणं आणि हे पडणं यातला फरक त्या हॉलमध्ये फक्त आम्हा पाच-सहा जणांना माहीत होता, आणि त्यातले चार पुरुष टाळ्या घेत होते.

मग पुढचा कार्यक्रम लहान मुलांच्या लेझीमचा होता आणि स्टेजभर पोहे. मुलं घसरली असती. दिग्दर्शक विंगेतून खुणा करायला लागले. वहिनी दारातून आत आल्या, माझ्याकडून झाडू घेतला आणि पावडर लावलेल्या तोंडाने, आईच्या वेशातच, स्टेज झाडून काढलं. पडदा अर्धा उघडा होता. लोकांना वाटलं, नाटुकल्यातलंच आहे. कोणीतरी हसलंसुद्धा.

शेवटी आभार. दिग्दर्शकांनी मिशीवाल्यांना स्टेजवर बोलावून श्रीफळ दिलं. ते लाजले, पदर सावरला, पुन्हा हशा. मग दिग्दर्शक म्हणाले, "आणि आपल्या महिला विभागाचे विशेष आभार, इतक्या सुंदर पोह्यांबद्दल!"

परतताना मी वहिनींबरोबर स्टेशनपर्यंत चालत गेले. मी बडबडत होते, बहुतेक मोठ्याने, कारण लोक वळून बघत होते. त्या फलाटावर म्हणाल्या, "त्यांनी शेवटी हात टेकलाच."

"तुला राग येत नाही?"

"येतो ना. पण ताई, मला राग दाखवायचा नव्हता. मला पडायचं होतं." मग थोड्या वेळाने, "आता राहू दे. तिकडे गेल्यावर कुठे. सासूबाई आहेत घरी."

गाडी आली, त्या बसल्या. मी घरी आले ते ठरवून.

आमच्या ब्लॉकच्या खालची मोकळी जागा, व्हॉइड डेक, नोव्हेंबरातल्या एका शनिवारसाठी मी मागितली आणि मिळाली. मंडळ नाही, दिग्दर्शक नाही, आभार नाहीत. खुर्च्या आहेत. पावडर आहे. पाट्या मुलीने लिहून दिल्या. पेटीवर नवरा बसेल. नवरामुलगा करायला बेडोकच्या काकूंची सून तयार झाली, ऑफिसातल्या मैत्रिणीचा कोट घालणार आहे. काकू स्वतः पहिल्या रांगेत बसणार आहेत, "बघू दे मला, बरं दिसतं की नाही ते." वहिनींनी सराव सुरू केला आहे. आता त्या पडता पडता सहादा सावरतात, आणि सहाव्या वेळी जे करतात ते मी सांगणार नाही, यावं आणि बघावं.

फक्त दारात उभा राहणारा माणूस हवा. मुलीची आई नको, मुलीचा बाप करायचा आहे. साधा शर्ट-पँट. दारात उभं राहायचं, काळजी करायची, आणि मुलगी पडून उठून टाळ्या घेऊन गेली की झाडून काढायचं. एवढंच.

मिशीवाल्यांना सगळ्यात आधी विचारलं. एकदम खूश झाले. "करतो की ताई! नऊवारी आहेच माझ्याकडे."

"नऊवारी नाही. बाप आहे."

"अच्छा," ते म्हणाले. "मग त्यात विनोद काय?"

"विनोद वहिनी करतील. तुम्ही उभे राहायचं."

त्यांना त्या शनिवारी मुलीच्या शाळेत जायचं आहे. नवऱ्यामुलाने विचारलं, फोटोत येईल ना. मग त्याला जमणार नसल्याचा मेसेज आला. दिग्दर्शक म्हणाले, कन्सेप्ट छान आहे, पण पुरुष नुसता उभा राहिला तर प्रेक्षक कन्फ्यूज होतात. खजिनदार, सेक्रेटरी, वरच्या मजल्यावरचे एक काका, माझ्या ऑफिसातले दोघे, सगळ्यांना विचारून झालं. त्यातल्या तिघांनी तरी विचारलं, साडी आहे का. साडी असती तर आले असते.

वहिनींचा नवरा तेव्हा पुण्याला घर बघायला जाणार आहे. माझा नवरा म्हणतो, पेटी कोण वाजवेल. बरोबर आहे, पण पेटी वाजवणारा शोधणं मला सोपं आहे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघतो." हे सोमवारी. आज गुरुवार.

कंटेनर भाड्याने घेतला आहे, वहिनींचं सामान डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाईल. ग्रुपवर मी आज सकाळी पुन्हा लिहिलं : एक पुरुष हवा आहे, बोलायचं काही नाही, पडायचं नाही, साडी नाही, वेळ सायंकाळी, झाडू मी देईन. सगळ्यांनी वाचलेलं दिसतंय. माणूस अजून मिळालेला नाही.